धारेची मिशी

अंगठ्याला काहीच लागलं नाही. लेथवर लाकूड कातणारा कातारी तसाच उभा राहिला. डाव्या हातात स्क्रेपरचा दांडा, उजवा अंगठा धारेवर, आणि समोर ग्राइंडरचं चाक अजून भुणभुणत हळूहळू थांबत होतं. आधी त्याला वाटलं, धार नीट लागली नसेल. स्क्रेपर म्हणजे काही सुरी नव्हे. बोटभर जाडीची पोलादाची पट्टी, तिचं नाक चाकावर घासलं की कडेवर पोलादच किंचित वर वळतं, केसाहून बारीक. लाकूड खरवडतं ते या वळलेल्या कडेने. तिच्याशिवाय स्क्रेपर म्हणजे नुसता गज. डोळ्यांना ती दिसत नाही. अंगठ्याचं पोट आतून बाहेर अलगद ओढलं की तिथे काहीतरी अडकतं, दोन दिवसांच्या दाढीवर हात फिरवल्यासारखं, आणि कातारी लोक समाधानाने लेथकडे वळतात. मामा तिला मिशी म्हणायचा. “फुटली का मिशी?” असं तो वयात येणाऱ्या मुलाची चौकशी करावी तसा धारेची चौकशी करायचा. आज मिशी फुटली नव्हती. कातारीने पुन्हा नाक चाकाला लावलं, ठिणग्या उडाल्या, अंगठा फिरवला. काही नाही. तिसऱ्यांदा त्याने इतका वेळ आणि इतकं दाबून धरलं की पोलादाचं टोक निळं पडलं. इतकी वर्षं या धंद्यात काढून पोलाद निळं पाडायचं म्हणजे मुरलेल्या बाईने गॅससमोर उभं राहून दूध उतू जाऊ देण्यातलाच प्रकार. स्वतःवरच चरफडत त्याने पुन्हा अंगठा ओढला. गुळगुळीत. मग चिडून, खात्रीच करायची म्हणून, तो लेथकडे वळला. तुतीच्या लाकडाचा मोठा वाडगा कालपासून तिथे चढवलेला होता, गोल पटाशीने आतबाहेर कोरून झालेला, फक्त शेवटचं खरवडणं बाकी. त्याने बटण दाबलं, स्क्रेपर टेकणावर ठेवला, नाक जरा खाली झुकवलं आणि फिरत्या लाकडाला नुसतं टेकवलं. धारेखालून कीस निघाला. भुगा नव्हे, कीस. पिवळा, तलम, बाळाच्या जावळासारखा, आणि तो उडून त्याच्या मनगटावर येऊन बसला. मनगटाला तो लागला. म्हणजे मिशी होती, पहिल्यापासूनच होती. जागेवर नव्हता तो अंगठा. कातारीने लेथ बंद केलं.

दुकानात एकदम शांतता पसरली. बाहेर गल्लीत सायकलवाला चाकाची तार ठोकत होता, समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं, वरच्या मजल्यावर, म्हणजे त्याच्याच घरात, नळ सुरू झाला आणि बंद झाला. सगळं कसं रोजच्यासारखं, आणि त्याला मात्र घाम फुटलेला. त्याने हात खिशात घातला. अंगठ्याकडे बघायचं नाही हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. बघितलं की गोष्ट खरी होते, न बघता ती अजून थोडा वेळ कदाचितच्या आडोशाला राहते. खिशात किल्ली होती, एक तुटलेलं बटण होतं आणि एक छोटा स्क्रू. त्याने अंगठ्याने ओळखायचा प्रयत्न केला. हे बटण. तर्जनी लावून बघितली तर ती किल्ली. तर्जनीलासुद्धा ती जाड गोधडीतून लागावी तशी लागली. झोपताना हात अंगाखाली आला असेल. मुंग्या आल्या असतील, जातील. पण मुंग्या आल्या की त्या चावतात, कळतात. इथे मुंग्याही नव्हत्या. इथे एक कोरी जागा होती, आणि ती कोरी जागा त्याच्याच हाताला बोट म्हणून लागलेली होती. त्याने खिशातल्या खिशात स्क्रूचं टोक अंगठ्यात रुतवलं. दाब कोपरापर्यंत कळला, टोक कळलं नाही. त्याने स्टूल ओढलं आणि तो बसला.

मामाचं असंच झालं होतं. हे वाक्य मनात उमटू नये म्हणून तर तो केव्हापासून इकडचा तिकडचा विचार करत होता, पण ते आलंच, दार न ठोठावता. मामाने त्याला हा धंदा शिकवला. धंदा म्हणजे काय, तर बोटं शिकवली. दोन स्क्रेपर समोर ठेवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, कुणाला मिशी आहे? चुकलं की म्हणायचा, “अरे, डोळे काय गाढवालाही असतात.” मामाच्या दुकानात लाकूड घासायचा काचकागद नव्हता. काचकागद म्हणजे हात नसलेल्यांची सोय, असं त्याचं मत. लाकडाला खरं गुळगुळीत करायचं ते धारेने. काचकागद त्याचं तोंड नुसतं पुसतो. मग भाचा स्वतः हाताशी आलेला कारागीर झाल्यावर एका दुपारी तो मामाला हाक मारायला आत गेला, तेव्हा मामा नुकत्याच झालेल्या वाडग्यातून बोट फिरवत होता, डोळे मिटून, चेहऱ्यावर तेच समाधान. आणि वाडग्याच्या आत, बोट जिकडून जिकडून जात होतं तिकडे, एक लाल रेघ उमटत चालली होती. मामाच्या बोटात लाकडाचं कुसळ गेलं होतं, चांगलं नखाएवढं, आणि मामाला ते ठाऊकच नव्हतं. भाचा म्हणाला, “मामा, रक्त.” मामाने डोळे उघडले. त्याने आधी वाडग्याकडे बघितलं, मग बोटाकडे, मग भाच्याकडे, आणि त्या नजरेत जे होतं ते भाच्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं; बायकोलाही नाही. चोरी पकडलेल्या माणसासारखा मामा हसला होता. त्यानंतर तो दुकानात आला नाही. खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा आणि अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कपड्याचा पोत बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. विचारलं तर म्हणायचा, येतंय परत. मरेपर्यंत ते परत येतच होतं. कातारीने खाली बघितलं. खिशात त्याचा अंगठा तर्जनीवर घासत होता. त्याने झटक्यात हात बाहेर काढला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

पण आपलं तर सगळं ठीक चाललं होतं, तो स्वतःशी वाद घालू लागला. ठीक कसलं, उत्तम. मागच्याच खेपेला ज्याच्या दुकानात त्याचे वाडगे विकायला असतात तो दुकानदार एक वाडगा गालाला लावून म्हणाला होता, “काय करता काय तुम्ही हल्ली? लोणी आहे हो लोणी. हात आता खरा बसला तुमचा.” कातारी घरी येईपर्यंत गल्लीभर शीळ घालत आला होता. आणि आल्यावर बायकोला ते तिखटमीठ लावून सांगितलं, तर तिने नुसतं “हो का” म्हटलं आणि कप विसळायला घेतले. तेव्हा जरा रागच आला होता. कपांचाही त्याला राग होता. वर्षानुवर्षं या घरात स्टीलच्या पेल्यातून चहा व्हायचा. हातात धरला की तळव्याला ऊब, ओठाला चटका, चहा प्यायल्यासारखं वाटायचं. थंडीच्या दिवसांत एकाएकी तिने पेले माळ्यावर टाकले आणि कान असलेले जाडजूड कप आणले. का, तर म्हणे पेल्यांना वास येतो. इतक्या वर्षांत आला नव्हता तो! बायकांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही, असं तो सायकलवाल्याला म्हणाला होता, आणि सायकलवाल्याने अनुभवी मान हलवली होती. तिचं स्वतःचंही मध्ये काहीतरी झालं होतं. कचेरीतल्या ठसा घेणाऱ्या यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. तिने तीनतीनदा दाबला, कपाळावर घासून दाबला, यंत्र आपलं नाहीच म्हणे. कातारी पोट धरून हसला होता. “तू नाहीयेसच म्हणे! मग इतकी वर्षं मी कुणाशी भांडतोय?” ती हसली नव्हती. वाडग्यांना तेल लावून लावून झालं असेल, म्हणाली. दुकानातली त्याची कामं संपली की वाडगे वर जायचे आणि तेल लावायचं काम तिचं. कोरड्या फडक्याने पुसायचं, तेल चोळायचं, मुरू द्यायचं, पुन्हा चोळायचं. हत्यारांना मात्र तिने कधी हात लावला नव्हता. लावू दिला नव्हता, हे जास्त खरं.

स्टुलावर बसून राहणं अशक्य झालं तेव्हा तो उठला आणि रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीतल्या दवाखान्यात गेला. जिना चढताना कठड्याला हात लावायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. लावला आणि काही कळलं नाही तर? आत बाकावर एक म्हातारी पाय पसरून बसली होती आणि एक तरुण बाप तान्ह्या मुलीला खांद्यावर थोपटत होता. भिंतीवर हाताचं मोठं चित्र होतं, कातडी सोललेलं, आत पिवळ्या दोऱ्यांसारख्या शिरा मनगटातून निघून बोटाबोटाला गेलेल्या. तो त्या दोऱ्यांकडे बघत राहिला. यातला एक तुटला असेल, की पिळला असेल, की कातकामाच्या त्या अखंड थरथरीने आतल्या आत झिजून गेला असेल? लेथची थरथर त्याला कधी जाणवायचीच नाही. आपल्या घराचा वास आपल्याला कुठे येतो? म्हणजे इतकी वर्षं ती हातातून आत शिरत होती आणि तो तिला काम म्हणत होता. टेबलापाशी बसलेल्या बाईने विचारलं, “काय होतंय काका?” बाप, म्हातारी, तान्ही मुलगी, सगळे त्याच्याकडे बघू लागले, निदान त्याला तसं वाटलं. “खोकला,” तो म्हणाला. आणि पुरावा म्हणून खोकलाही. बाई म्हणाली, बसा, नंबर येईल. तो बसला. मुलीने बापाच्या खांद्यावरून हात लांब केला आणि त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. किती मन लावून धरत होती! सगळं जग तिच्या त्या चिमटीत होतं. कातारीला ते बघवेना. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “पुढचे,” आणि आता सुई टोचून विचारतील, कळतंय का? मग आपण खरं सांगायचं की अंदाजाने? हा प्रश्न मनात आल्याबरोबर तो उठून जिना उतरून गेलासुद्धा.

दुकानात परत आल्यावर त्याने तेच केलं जे भ्यालेला माणूस करतो. कामाला लागला. तुतीचा वाडगा लेकीसाठी होता. ती आपल्या नवऱ्यासोबत वेगळ्या घरात राहायला गेली होती आणि बाबा, मला दुकानातला नको, तुमच्या हातचा हवा, म्हणाली होती. तुमच्या हातचा. त्याने स्क्रेपर घेतला. आतून तळापासून वर येत, हलका, हलका, कीस उडत होता, आणि डोळ्यांना सगळं ठीक दिसत होतं. मग लेथ थांबवून, सवयीने, त्याने आत अंगठा फिरवला. अंगठ्याने काहीच सांगितलं नाही. बारीक वळ्या राहिल्यात? नाहीत? हाताला कळत नाही तेव्हा डोळ्याला भलभलतं दिसायला लागतं. काठाच्या खाली एक सावली दिसली. वळी असेल. त्याने तिथे स्क्रेपर टेकवला. आता खरं तर हे कुठल्याही कातारीला झोपेत विचारलं तरी सांगेल, की एकदा भिंत पातळ झाली की स्क्रेपर तळाशी न्यावा, काठाकडे नेऊ नये; काठाजवळ लाकूड लवतं, थरथरतं, आणि थरथरतं तिथे धार अडकते. मामाने हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्याने स्वतः कितीजणांना सांगितलं होतं. पण सावली जाईना. की ती सावली दिव्याचीच होती? त्याने थोडं अजून घेतलं. थांबवलं, अंगठा, काही नाही. भिंतीची जाडी तो नेहमी चिमटीत धरून बघायचा, आत अंगठा, बाहेर तर्जनी, आणि दोन्हींच्या मध्ये किती लाकूड आहे ते त्याला अचूक कळायचं. आता त्याने चिमूट धरली आणि दोन्हींच्या मध्ये काय आहे, लाकूड की नुसती हवा, हेच त्याला सांगता येईना. त्याने पुन्हा लेथ सुरू केलं. आवाज बदलला होता. आधी वाडगा गुणगुणायचा. आता त्याने बारीक, वरचा सूर धरला होता, आणि स्क्रेपर जवळ जाताच तो सूर किंचाळीसारखा चढायचा. थांब, असं त्याला कुणीतरी सांगत होतं, मामा असेल, किंवा तो स्वतः असेल, आणि त्याचे हात मात्र ऐकत नव्हते, कारण थांबलं तर मग खिडकीशी खुर्चीच उरते. किंचाळी कानात घुसली. त्याच क्षणी खिडकीवरचा ढग सरकला असावा, ऊन वाडग्याच्या पाठीवर पडलं आणि काठाखालची सगळी भिंत उजळली. लाकडातून ऊन आरपार येत होतं, मधाच्या रंगाचं. कानाच्या पाळीतून दिवा दिसावा तसं. स्क्रेपरचं नाक त्या उजेडाला टेकलेलं होतं. कातारीने श्वास रोखला, दांडा तसूभरही न हलवता सरळ मागे ओढून घेतला आणि कोपराने बटण दाबलं. वाडगा फिरत फिरत थांबला. तो फुटला नव्हता. फुटला असता तर तुकडे थेट तोंडावर आले असते.

जिन्याची पायरी वाजली. बायको चहा घेऊन आली, त्या जाड कपातून. तिने कप लेथशेजारच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, “दवाखान्यातली बाई भेटली मला खाली. काका खोकल्याचं औषध न घेताच गेले म्हणाली. तुम्हाला कधी झाला खोकला?”

“झाला होता. गेला.” त्याने हात खिशात घातला.

“हात दाखवा.”

“खोकल्याला हात कशाला?”

तिने त्याचा हात खिशातून काढला, एखाद्या पोराच्या मुठीतून माती काढावी तसा, आणि उताणा केला. सकाळपासून पहिल्यांदा त्याचीही नजर तिकडे गेली. अंगठ्याच्या पोटावर आडवा फोड आला होता, पांढरा, टम्म, बरोबर स्क्रेपरच्या नाकाएवढ्या रुंदीचा. निळं पडेपर्यंत तापवलेल्या पोलादावरून त्याने अंगठा ओढला होता. काहीच लागलं नाही म्हणून चिडून लेथकडे वळला होता.

“हे कधी भाजलं?” तिने विचारलं.

“सकाळी असेल. धार लावताना.”

“दुखतंय?”

“थोडं,” तो म्हणाला.

“खोटं नका बोलू.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तुम्हाला काही दुखत नाही. मी काय कप हौसेने आणले? पेल्यात उकळता चहा ओतला होता मी, धरवत नव्हता म्हणून पदरात धरून आणला. तुम्ही नुसत्या हाताने घेतलात. घेतलात आणि बोलत बसलात, कसल्या तरी लाकडाबद्दल. तळवा लालबुंद झाला तरी बोलतच होतात.”

तेव्हा थंडी होती. आता बाहेर ऊन रणरणत होतं. कातारीच्या डोक्यात मधले सगळे महिने एकदम उभे राहिले आणि त्या महिन्यांत केलेले सगळे वाडगे, एकामागून एक, आणि प्रत्येकाच्या आत त्याचा मिटल्या डोळ्यांनी फिरणारा अंगठा. तो काय सांगत होता मग? झालं, गुळगुळीत झालं, असं रोज कोण सांगत होतं? त्याला कळलं आणि ती आजच्या दिवसातली सगळ्यात मोठी भीती होती: अंगठा आठवणीतून बोलत होता. जुने वाडगे आठवून नव्याबद्दल सांगत होता. आज फक्त आठवण संपली.

“पण दुकानदार तर...” तो म्हणाला आणि थांबला.

बायकोने मागच्या फळीवरचा तेलाचा डबा सरकवला; त्याला तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. त्यामागे फडक्याची एक घडी होती. तिने ती उलगडली. आत काचकागद होता. खरखरीत, मध्यम, बारीक, सगळे वापरून वापरून मऊ पडलेले, हाताच्या आकाराला वाकलेले. या घरात काचकागद! एखाद्याला बायकोच्या कपाटात परक्याची चिठ्ठी सापडावी तसा तो त्याच्याकडे बघत राहिला.

“आत वळ्या राहायच्या,” ती म्हणाली. “तुम्ही बोट फिरवून झकास म्हणायचात आणि वर पाठवून द्यायचात. मी काय करणार? लोकांनी नावं ठेवायची? तुम्ही झोपलात की नाही, बाहेर गेलात की नाही, बसायचं घासत. सांगणार होते. रोज सांगणार होते. पण तुम्ही इतके खुशीत होतात ना हल्ली.”

त्याने तिचा हात धरला आणि अंगठा उलटा करून बघितला. यंत्राने नाकारलेला अंगठा. त्यावर एकही रेषा उरली नव्हती, लखलखीत, त्याच्या उत्तम दिवसांतल्या कुठल्याही वाडग्याइतका. यावर आपण पोट धरून हसलो होतो. मग त्याने जे आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. स्क्रेपर उचलून तिच्या हातात दिला. “बघ बरं,” तो म्हणाला, “मिशी आहे का.”

ती गोंधळली नाही. अंगठा न लावता तिने करंगळीची मागची बाजू धारेवरून आतून बाहेर ओढली, अगदी सावकाश. “आहे,” ती म्हणाली. “इथून आहे. इथे... इथे नाही. मध्येच तुटलीय. मग पुन्हा आहे.”

तुटलेल्या मिशीने तो काठाशी खरवडत होता. त्याने तुतीच्या वाडग्याकडे बघितलं. ऊन अजून त्याच्या भिंतीतून येत होतं, आणि इतक्या उजेडाचा वाडगा त्याने जन्मात कधी केला नव्हता, करावासा वाटलाही नसता.

“मला भीती वाटते गं,” तो म्हणाला. हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा त्यालाच ते परक्या माणसाचं वाटलं. “मामासारखं होईल माझं.”

मामाचं काय झालं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. तिने विचारलंही नाही. “मलाही वाटते,” ती म्हणाली. “थंडीपासून वाटते. तुमचं मशीन चालू असलं की मी वर कामं करते. बंद झालं की जिन्यात येऊन उभी राहते. पुन्हा सुरू झालं की वर जाते. दिवसातून किती वेळा बंद करता हो तुम्ही ते!”

पायरी वाजायची. त्याला ऐकू यायची, रोज, लेथ थांबलं की. जुनं लाकूड आहे, उन्हाने वाजतं, असं तो समजायचा. सायकलवाल्यालाही त्याने ते तसंच समजावून सांगितलं होतं, लाकडातला जाणकार म्हणून. आता लेथ थांबलेलं होतं आणि जिन्यात कुणी नव्हतं. ती इथे होती, दुसऱ्या स्टुलावर, मांडीवर स्क्रेपर घेऊन. उद्या जायचं डॉक्टरकडे, ती म्हणाली, आणि खोकला सांगायचा नाही. तो हो म्हणाला. गल्लीत सायकलवाल्याचं ठोकणं तेवढं चालू होतं. कातारीने कपाकडे हात नेला, पण कान धरला नाही. फोड आलेला अंगठा त्याने मुद्दाम कपाच्या पोटाला टेकवला, दाबला, आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

“गरम आहे का?” त्याने विचारलं.

तिने पुढे वाकून आपल्या मनगटाची आतली बाजू कपाला लावली, त्याच्या अंगठ्याशेजारी. “नाही,” ती म्हणाली. “गार होऊन गेला. थांबा, दुसरा करून आणते.” पण ती उठली नाही.